रात्रीच्या कयाकवरचा दिवा: किती, कुठे आणि कोणासाठी

रात्री कयाक घेऊन खाडीत उतरायचे ठरले की बहुतेक जण आधी एक मोठा हेडलॅम्प विकत घेतात. 1,000 ल्यूमेन (दिव्याच्या एकूण उजेडाचे माप), लांबवर जाणारा झोत. पाण्यावर मात्र त्याचा उपयोग थोडा आणि त्रास जास्त होतो. उघड्या पाण्यावर टाकलेला झोत परतवायला समोर काहीच नसते. हवेत धुके किंवा पावसाची भुरभुर असेल, तर कपाळावरच्या दिव्याचा उजेड थेंबांवरून उलटून थेट डोळ्यांत येतो आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो.

खरा धोका मागून येणाऱ्या इंजिनच्या होडीचा असतो. ताशी 15 किलोमीटर वेगाने येणारी मासेमारी होडी 500 मीटर अंतर दोन मिनिटांत कापते. कयाक पाण्यात इतकी खाली बसते की तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, ती शेवटपर्यंत दिसत नाही. म्हणून पहिला दिवा घ्यायचा तो आपण दिसावे यासाठी.

तो किती प्रखर हवा? समुद्रातील टक्कर टाळण्यासाठी 1972 ची आंतरराष्ट्रीय नियमावली आहे. दोन सागरी मैलांवरून, म्हणजे सुमारे 3.7 किलोमीटरवरून, दिसणाऱ्या दिव्याला स्वच्छ हवेत 4.3 कँडेला (एका दिशेने जाणाऱ्या उजेडाचे माप) तीव्रता पुरते, असे तिच्या परिशिष्टात दिले आहे. इतका उजेड सर्व दिशांना, अगदी वर-खालीही, सारखा पसरवला तरी बेरीज जेमतेम 54 ल्यूमेन होते. चारही बाजूंनी दिसणारा साधा पांढरा दिवा पुरतो तो यामुळेच. त्याच नियमावलीचा नियम 25 वल्ह्यांच्या होडीला एक सवलत देतो: कायमचा दिवा नसेल तरी पांढऱ्या उजेडाची बॅटरी हाताशी हवी आणि टक्कर टळेल इतक्या आधी ती दाखवायला हवी. आमच्या मते कयाकवाल्याने या सवलतीवर विसंबू नये. पाठीमागचे आपल्याला दिसतच नाही, मग बॅटरी दाखवणार कधी?

दिव्याच्या जागेत सर्वांत जास्त चुका होतात. पुढच्या डेकवर, आपल्यापासून दीड मीटरवर दिवा ठेवला, तर सुमारे 45 सेंटिमीटर रुंद धड मागच्या बाजूला 17 अंशांची सावली पाडते. अर्धा किलोमीटर मागे ही सावली जवळजवळ 150 मीटर रुंद होते, आणि तेवढ्या पट्ट्यातल्या होडीला आपण दिसत नाही. शिवाय डेकवरचा दिवा पाण्यापासून 30 सेंटिमीटरवर असतो. अर्ध्या मीटरची लाटही त्याला झाकते. त्यामुळे दिवा बैठकीच्या मागे, हलक्या फायबरच्या दांड्यावर, डोक्याच्या वर राहील असा लावावा. डेकपासून सव्वा मीटर उंची बहुधा पुरते. दिव्याखाली काळी चकती बसवली की उजेड डेकवर आणि वल्ह्याच्या पात्यांवर पडून डोळ्यांत जात नाही. दांडा एका हाताने काढता यावा, नाहीतर कयाक उलटल्यावर पुन्हा वर चढताना तोच आडवा येतो. आणि दांडा दोरीने बांधलेला हवाच.

आता डोळ्यांकडे. मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींमधले ऱ्होडॉप्सिन हे प्रकाश टिपणारे रंगद्रव्य प्रखर पांढऱ्या उजेडात विघटित होते आणि ते पूर्ववत व्हायला 20 ते 30 मिनिटे लागतात. एकदा सोबत्याच्या तोंडावर हेडलॅम्प वळवला की त्याची अर्ध्या तासाची तयारी वाया. सुमारे 640 नॅनोमीटरच्या पुढच्या लाल उजेडाला या पेशी फारसा प्रतिसाद देत नाहीत, म्हणून नकाशा किंवा होकायंत्र पाहायला लाल उजेड वापरतात. तोही मंदच हवा. नकाशावरच्या लाल रेघा मात्र त्यात दिसेनाशा होतात. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर नॉक्टिल्युका या सूक्ष्म समुद्री जीवाची निळी चमक पाहायला जाणाऱ्यांनाही हेच लागू पडते. ती चमक अंधाराला सरावलेल्या डोळ्यांनाच नीट दिसते. पण तिच्यासाठी दांड्यावरचा दिवा विझवू नका. खालची चकती नीट असेल तर तो आड येत नाही.

लाल दिवा बाहेरून दिसेल असा लावणे चुकीचे आहे, सायकलचा मागचा दिवा तर नकोच. समुद्रावर लाल म्हणजे होडीची डावी बाजू आणि हिरवा म्हणजे उजवी. तुम्हाला दोन्ही एकदम दिसले तर होडी थेट अंगावर येत आहे, लगेच बाजूला व्हा. अशा वेळी बॅटरी आधी होडीच्या दिशेने दाखवा, मग स्वतःच्या लाइफ जॅकेटवर आणि वल्ह्यावर मारा. झोत तांडेलाच्या डोळ्यांवर रोखून धरला तर त्यालाच दिसेनासे होते. किनाऱ्यावर हॉटेलांचे दिवे असतील तर आपला एकटा पांढरा ठिपका त्यांत हरवतो. उजळलेले, हलणारे वल्हे उठून दिसते. वल्ह्याच्या पात्यांवर परावर्तक पट्टी जरूर लावा, पण ती समोरच्याचा झोत पडला तरच चमकते. लुकलुकणारा स्ट्रोब लाइफ जॅकेटवर असू द्या, मात्र संकटासाठीच. लक्ष वेधण्यासाठीही स्ट्रोब टाळावा, असे त्याच नियमावलीचा नियम 36 सांगतो.

खरेदी करताना खोक्यावरचे आकडे नीट वाचा. आयपीएक्स म्हणजे दिवा पाण्यापासून किती सुरक्षित आहे याची श्रेणी. आयपीएक्स 4 म्हणजे फक्त शिंतोडे. आयपीएक्स 7 म्हणजे एक मीटर पाण्यात 30 मिनिटे, तेही गोड्या पाण्यात. कयाकसाठी यापेक्षा कमी घेऊ नये. बॅटरी आणि हेडलॅम्पसाठीच्या एफएल 1 या मानकानुसार ‘10 तास’ याचा अर्थ उजेड सुरुवातीच्या 10 टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ, म्हणून सहलीच्या दुप्पट वेळ चालेल असा दिवा निवडा. चुंबकाने चिकटणारे किंवा चुंबकीय चार्जिंगचे दिवे होकायंत्राजवळ ठेवले तर त्याची सुई खोटी दिशा दाखवते. परतल्यावर दिवा गोड्या पाण्याने धुवा, सेल काढून ठेवा, झाकणाच्या रबरी कड्यावरची वाळू पुसून त्याला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. पाणी बहुतेक वेळा त्या कड्याखाली अडकलेल्या वाळूच्या कणापाशीच आत शिरते.

सगळे बसवून झाले की कयाक अंधारात वाळूवर ठेवून स्वतः तिच्यात बसा आणि सोबत्याला 300 मीटरवरून शक्य तितक्या बाजूंनी पाहायला सांगा. एखाद्या बाजूने दिवा दिसला नाही, तर दांडा आणखी वर घ्या.