बंपरचा पोचा गरम पाण्याने निघतो, पण त्यात हवेचं आणि बर्फाचं काही काम नसतं

एक व्हिडिओ पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून फिरत असतो. पोचा आलेल्या बंपरवर उकळतं पाणी ओततात, लगेच बर्फाचं पाणी, आणि पोचा टप्पकन बाहेर. खाली लिहिलेलं असतं की गरमीने आतली हवा फुगते, थंडीने प्लॅस्टिक आकसतं आणि त्या शॉकने पोचा निघतो. युक्ती खरी आहे पण कारण साफ चुकीचं आहे, आणि ते चुकीचं कारण डोक्यात धरून कुणी हीटगन लावतो, कुणी पत्र्याच्या दरवाजावर किटली रिकामी करतो.

आधी हवा. टेबल टेनिसचा चेपलेला बॉल गरम पाण्यात फुगून नीट होतो कारण तो चहूबाजूंनी बंद असतो. बंपर मागून सताड उघडा, खालून हात घालून बघा, मग हवा अडकणार कुठे आणि ढकलणार कशाला? आकसण्याचंही तसंच. वीतभर रुंदीचा पोचा सत्तर अंशांनी थंड झाला तर जेमतेम मिलिमीटरभर आकसेल, आणि सगळीकडून सारखाच आकसेल, म्हणजे आकार तोच राहणार.

आता आतली गोष्ट, जी मला फार आवडते. बंपरच्या आतल्या बाजूला मार्किंग असतं, बऱ्याच गाड्यांवर ते 'पीपी + ईपीडीएम - टीडी २०' असं काहीतरी सापडेल. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ईपीडीएम हे रबर, आणि टीडी २० म्हणजे वजनाच्या वीस टक्के टाल्क, आपलं शंखजिरं. यातलं पॉलिप्रॉपिलीन इटलीच्या ज्युलिओ नाट्टा यांनी १९५४ साली असं बनवलं की त्याच्या रेणूच्या लांब साखळीवरचे सगळे मिथाइल गट (कार्बन-हायड्रोजनचे छोटे फाटे) एकाच बाजूला येतात, आणि १९६३ साली त्यांना कार्ल झीग्लर यांच्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एकाच बाजूला येण्याला एवढं महत्त्व का, तर साखळी अशी शिस्तीची असली तरच तिचे स्फटिक बनतात. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात थंड होताना साखळी नऊवारीच्या निऱ्यांसारखी मागे-पुढे घड्या घालत बसते, या घड्यांचा थर काही नॅनोमीटर जाडीचा असतो. एका घडीतून सुटलेली साखळी मधल्या मोकळ्या जागेतून जाऊन पुढच्या घडीत शिरते आणि दोन्हींना बांधून ठेवते. मधला मोकळा भाग शून्य अंशाच्या आसपासच सैल होतो, म्हणजे पुण्याच्या डिसेंबरातल्या पहाटेही तो रबरी असतो. घड्या मात्र १६० अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाहीत. बंपरचा मूळ आकार या घड्यांनी धरून ठेवलेला असतो.

खांबाला लागून बंपर आत जातो तेव्हा यातलं फारसं काही तुटत नाही. फुगीर पृष्ठभाग उलटून आत बसतो, आणि पोच्याच्या कडेने जी तीव्र वळणाची रेघ दिसते तिथेच सगळा ताण अडकतो. मधला भाग परत यायलाच बघत असतो, पण कडेचं ताठ वळण त्याला येऊ देत नाही. साधारण ऐंशी-नव्वद अंशांना प्लॅस्टिकचा ताठरपणा बराच उतरतो, आणि घड्यांच्या आतल्या साखळ्याही थोड्या सरकायला लागतात (अशा लांब साखळ्यांच्या पदार्थांचा, म्हणजे पॉलिमरचा, अभ्यास करणारे याला अल्फा रिलॅक्सेशन म्हणतात, घडी वितळत नाही पण साखळीचा पीळ तिच्या लांबीवरून पुढे सरकत जातो). मग कडेचं कुलूप सैल होतं, आतून थोडा जोर लावला की आकार परत. पोचा लवकर काढावा तो यासाठीच, महिनोन्महिने तसाच ठेवला की साखळ्या नव्या आकारात हळूहळू रुळतात आणि परत यायचा जोरच उरत नाही.

समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे पुण्यात पाणी ९८ अंशांना उकळतं. त्यापुढे पाणी तापतच नाही, म्हणून घड्या वितळायची भीती नाही. हीटगनच्या तोंडाशी पाचशे अंशांची हवा असू शकते, तिथे आधी पेंटला फोड येतात आणि मग बंपर लिबलिबीत होतो.

पाणी ओतून लगेच ढकलू नका. जाडी जेमतेम तीन मिलिमीटर असली तरी हे प्लॅस्टिक उष्णता फार सावकाश नेतं, बाहेरची गरमी आतल्या बाजूला नीट पोचायला दीड मिनिटाच्या आसपास लागतो आणि पाणी तर दोन सेकंदात ओघळून जातं. म्हणून पोच्यावर जुना टॉवेल चिकटवा आणि त्यावर हळूहळू ओतत राहा, पोच्याच्या मध्यापेक्षा कडेच्या रेघेवर जास्त. हातात जाड रबरी मोजे हवेतच, ओतलेलं पाणी मागे गेलेल्या हातावरच येतं. कापड गुंडाळलेल्या लाटण्याने मागून आधी कडेपाशी दाबायचं, मग मध्ये. आकार आला की गार होईपर्यंत धरून ठेवा, गार पाणी ओतलं तर तेवढंच लवकर होतं, बर्फ काही लागत नाही. पार्किंग सेन्सर आणि फॉगलॅम्पच्या वायरिंगपासून पाणी लांब ठेवा.

पत्र्याच्या दरवाजाला यातलं काही लागू नाही. पोलादात पोचा पडतो म्हणजे अणूंचे थर कायमचे सरकलेले असतात, त्यांच्यासाठी ९८ अंश म्हणजे काहीच नाही. फायबरग्लासच्या बॉडीकिटलाही नाही, त्यातल्या साखळ्या रसायनाने एकमेकींना कायमच्या जोडलेल्या असतात, दाबलं तर तडकेल. बंपरवरही जिथे घडी पडून पांढरी रेघ आली आहे तिथे आत सूक्ष्म पोकळ्या झाल्यात, तो पांढरेपणा पाण्याने पूर्ण जात नाही. 'डेंट गायब' म्हणून विकली जाणारी क्रीमं तर नुसती पॉलिश असतात, त्यावर पैसे घालवू नका. आणि बंपरखाली टांगलेलं लिंबू-मिरची धडक कमी करत नाही. धडक शोषतो तो मागचा फोम आणि त्यामागची लोखंडी बीम, आणि धडक जोराची असेल तर बाहेरचा आकार परत आला तरी हेच दोन आधी तपासून घ्या.

तडा गेला असेल तर फेविक्विकच्या नादाला लागू नका. पॉलिप्रॉपिलीनच्या पृष्ठभागाला साधा चिकट पदार्थ नीट धरत नाही, रंग द्यायलासुद्धा खास प्रायमर लागतो. तिथे पीपीचीच कांडी वितळवून प्लॅस्टिक वेल्डिंग करावं लागतं, आणि ते करणाऱ्याला आतलं मार्किंग दाखवून त्याच जातीची कांडी वापरायला सांगा.