हद्दीबाहेरची जमीन: देशपातळीवरच्या भूवापर आराखड्याची पार्श्वभूमी

वांद्रे-सांताक्रूझच्या जुन्या पत्त्यांत अजून 'टी.पी.एस. 3' किंवा 'टी.पी.एस. 4' (टाउन प्लॅनिंग स्कीम, म्हणजे नगररचना योजना) असं लिहिलेलं सापडतं. ही 1915 च्या मुंबई नगररचना कायद्याची खूण. अशा प्रकारचा देशातला हा पहिला कायदा. पद्धत सरळ होती: शेतांचे वेडेवाकडे तुकडे कागदावर एकत्र करायचे, त्यातून रस्ते आणि मोकळ्या जागा काढायच्या, उरलेली जमीन आखीव 'अंतिम भूखंड' करून ज्याची त्याला परत द्यायची आणि वाढलेल्या किमतीतला काही वाटा वसूल करायचा. त्याआधी, 1896 च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याने दाट वस्त्या पाडून रस्ते काढले. उठवलेली माणसं शेजारच्या चाळींत दाटीवाटीने राहिली. आखलेल्या हद्दीत काम व्हायचं आणि प्रश्न हद्दीबाहेर सरकायचा, हे तेव्हापासूनचं आहे. देशपातळीवरचा भूवापर आराखडा का हवा, हे त्यातूनच कळतं.

पुढे हद्द वाढत गेली. 1948 मध्ये अभियंता मोडक आणि वास्तुविशारद मेयर यांनी बृहन्मुंबईच्या आराखड्याची रूपरेषा मांडली. 1954 च्या कायद्याने विकास आराखडा सक्तीचा झाला आणि मुंबईचा पहिला आराखडा 1967 मध्ये मंजूर झाला. पण एकट्या शहराचा नकाशा काढून भागत नाही, हे अर्थतज्ज्ञ गाडगीळ यांच्या समितीने त्याआधीच सांगितलं होतं. म्हणून 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात शहराभोवतालच्या पट्ट्यासकट विचार करणारी प्रादेशिक योजना आली. 1970 मध्ये सिडको ही नवी शहरं वसवणारी सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ठाणे-रायगडमधल्या 95 गावांच्या सुमारे 344 चौरस किलोमीटर जमिनीवर नवी मुंबई आखली गेली. मुंबईवरचा भार तिकडे न्यायचा, असा हेतू होता. मंत्रालय मात्र हललं नाही. उलट त्याच वर्षांत नरिमन पॉइंटला समुद्रात भराव टाकून मनोरे चढत होते. जमीन देणाऱ्यांचा हिशेबही उशिरा झाला: जानेवारी 1984 च्या उरणच्या आंदोलनात गोळीबारात पाच जणांचे जीव गेले आणि त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याची योजना आली.

खाडीपलीकडे 1989 मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. इथे हद्दीचा गुंता वेगळा होता. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत जमीन राज्याच्या यादीत येते, मोठी बंदरं केंद्राच्या. बंदर केंद्राने बांधलं, शहर सिडकोचं आणि मधली गावं जिल्हा परिषदेची. कंटेनर ठेवायची यार्डं कुठे असावीत, हे एकाच नकाशावर कुणी ठरवलं नव्हतं. ती उरणच्या भातखाचरांवर भराव घालून उभी राहिली आणि ट्रकांच्या रांगा गावच्या रस्त्यांवर आल्या.

पाण्याचंही तेच. मुंबईला रोज सुमारे 3,850 दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं. तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर मे महिन्यात टँकरची वाट पाहिली जाते. मुंबईच्या विकास आराखड्यात शहापूर कुठे दिसणार? तो आराखडा मुलुंडच्या चेकनाक्याला संपतो.

एकाच जमिनीवर दोन खात्यांच्या दोन नोंदी असल्या की काय होतं, याचा धडा मुलुंड-नाहूर पट्ट्यात मिळाला. 1950 च्या दशकात वनखात्याने भारतीय वन कायद्याच्या कलम 35(3) खाली, खाजगी जंगलावर बंधनं आणण्यासाठी, काही जमिनींना नोटिसा काढल्या. पुढे विकास आराखड्यांनी त्याच जमिनी निवासी दाखवल्या, पालिकेने नकाशे मंजूर केले, इमारती झाल्या, लोक राहायला आले. मग सातबाऱ्यावर 'खाजगी वन' अशी नोंद चढली. 2008 मध्ये उच्च न्यायालयाने जमीन वन ठरवली. जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. मधली वर्षं हजारो कुटुंबांना घर विकताही येईना, पुनर्विकासही करता येईना.

विकसनशील देशात हे जास्त का बोचतं? रस्ते, कालवे, बंदरं इथे पहिल्यांदाच होत आहेत आणि पैसा तुटपुंजा. रस्त्याची बातमी आधी फुटते, सातबारे हात बदलतात आणि भूसंपादनाची वेळ येते तेव्हा दर आवाक्याबाहेर गेलेला असतो. बागेसारख्या सार्वजनिक कामांसाठी राखलेल्या जागांची आरक्षणं अशीच वाया जातात: आराखडा लागू होऊन दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर 1966 च्या अधिनियमाच्या कलम 127 खाली मालक खरेदीची नोटीस देतो आणि 24 महिन्यांत कार्यवाही न झाल्यास आरक्षण रद्द होतं. बागेची जागा गेली की परत मिळत नाही. बागायती जमिनीवर एकदा काँक्रीट पडलं की तिथे पुन्हा पीक येत नाही.

जपानने 1962 मध्ये, दक्षिण कोरियाने 1972 मध्ये देशभराचा आराखडा केला. मलेशियाचा 2005 चा. असा आराखडा प्लॉटवार झोन ठरवत नाही. नदीखोरी, बारमाही बागायत, पूरपट्टे आणि जंगलं आधी राखून ठेवायची, मग बंदरं आणि औद्योगिक पट्टे बसवायचे आणि खालच्या आराखड्यांनी त्याला धरून चालायचं, एवढंच त्याचं काम. क्रम उलटा झाला की तो नुसता प्रकल्पांची यादी होतो.

आपल्याकडे अशा आराखड्याचे नुसते तुकडे आहेत. दिल्लीत नगर व ग्रामनियोजन संघटना 1962 पासून आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय नागरीकरण आयोगाचा अहवाल 1988 मध्ये आला. 2013 मध्ये राष्ट्रीय भूवापर धोरणाचा मसुदा निघाला, पण तो मसुद्यापुढे गेला नाही. केंद्राच्या 2021 च्या 'गतिशक्ती' या पायाभूत सुविधांच्या आराखड्यात रस्ते, रेल्वे, जंगल यांचे थर एकाच पडद्यावर दिसतात. मार्ग कुठून न्यावा हे त्यातून कळतं. ती जमीन मुळात कशासाठी ठेवायची, हे त्यात ठरत नाही.

मुख्य अडचण मात्र अजून खालीच आहे. गावनकाशे शंकुसाखळीने, म्हणजे मोजणीच्या जुन्या साखळीने, मोजलेल्या काळातले, वनखात्याच्या सीमा वेगळ्या मोजणीतल्या आणि आराखड्याची पत्रकं तिसरीच. तिन्ही एकमेकांवर ठेवली की गटाची हद्द जुळत नाही. डोंगरउतारावर त्या फरकातच एखादी चाळ बसते.