चिंक्वे तेर्रेतील मुक्काम

इटलीच्या लिगुरिया प्रदेशात, ला स्पेत्सिया शहराच्या वायव्येस, भूमध्य समुद्राच्या कड्यांना बिलगून असलेल्या पाच जुन्या गावांना मिळून चिंक्वे तेर्रे म्हणतात. पश्चिमेकडून मोंतेरोस्सो, व्हेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रियोमाज्जोरे असा त्यांचा क्रम लागतो. शेजारचे पोर्तोव्हेनेरे आणि त्यासमोरची तीन बेटे यांच्यासह ही गावे 1997 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. 1999 मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झाले. सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांची गर्दी मोठी असते. गावात रात्री राहणाऱ्याला मात्र वेगळी तयारी लागते. सपाट जमीन जवळजवळ नाही, घरे एकमेकांच्या खांद्यावर रचल्यासारखी उभी, आणि गाडी दारापर्यंत येत नाही. मुक्कामातल्या बहुतेक अडचणी या तीन गोष्टींतूनच येतात.

गावात पोचायचे ते रेल्वेने. जेनोआ ते ला स्पेत्सिया हा मार्ग 1874 मध्ये पूर्ण झाला. आजही ला स्पेत्सिया आणि लेव्हान्तो यांच्यामध्ये धावणाऱ्या लोकल गाड्या पाचही गावांना थांबतात आणि एका गावाहून दुसऱ्या गावी काही मिनिटांत नेतात. कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावे लागते. ते विसरले की दंड होतो. दुसरी फसगत बोगद्यांची. व्हेर्नात्सासारख्या स्थानकांवर फलाटाचा बराच भाग बोगद्यात आहे. आपला डबा अंधारात थांबला म्हणजे स्थानक आले नाही असे समजून लोक बसून राहतात आणि पुढच्या गावी पोचतात. स्थानकाचे नाव पुकारले की दार उघडून उतरावे आणि उजेडाच्या दिशेने चालावे. स्वतःची गाडी असेल तर ती ला स्पेत्सिया किंवा लेव्हान्तोला ठेवून रेल्वेने येणे सगळ्यात कमी त्रासाचे.

सामान हा इथला खरा प्रश्न. स्थानकापासून घरापर्यंत दगडी पायऱ्या असतात, आणि चाकांच्या मोठ्या बॅगेचा तिथे काही उपयोग नाही. उलट चाके तुटतात. एका हाताने उचलता येईल अशी दहा-बारा किलोंची बॅग किंवा पाठीवरची सॅक घ्यावी आणि मोठे सामान ला स्पेत्सियाला ठेवावे. घर ठरवतानाच मालकाला स्पष्ट विचारावे : स्थानकापासून पायऱ्या किती, इमारतीत किती आणि घराच्या आत किती? ‘समुद्राचे सुंदर दृश्य’ असे लिहिलेले असले की घर उंचावर आहे हे धरूनच चालावे.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी आणि लहान मुलांसाठी मोंतेरोस्सो बरे. रस्ते त्यातल्या त्यात सपाट, आणि पाच गावांतला लांबलचक वाळूचा किनारा तेवढा इथेच. कोर्निल्या समुद्रापासून सुमारे 100 मीटर उंच सुळक्यावर आहे. स्थानकापासून वर जायला सुमारे 380 पायऱ्यांचा नागमोडी जिना आहे. छोटी बस आहे, पण ती प्रत्येक गाडीशी जुळतेच असे नाही. गावाला बंदर नसल्याने तिथे प्रवासी बोटही थांबत नाही. गर्दी मात्र त्यामुळेच कमी. बाकीच्या तीन गावांत मुख्य रस्ता दरीच्या तळातून बंदराकडे उतरतो आणि घरे दोन्ही बाजूंना चढत जातात.

ही घरे अरुंद आणि उंच असतात. उतारामुळे कित्येक घरांना खालच्या गल्लीतून एक दार आणि मागच्या वरच्या गल्लीतून दुसरे असते. आत बहुधा एका मजल्यावर एकच खोली : खाली स्वयंपाकघर, मध्ये बसायची जागा, वर झोपायची, आणि संडास यांतल्या कुठल्यातरी एकाच मजल्यावर. जिन्याच्या पायऱ्या लिगुरियातल्या काळ्या पाटीच्या दगडाच्या, झिजून गुळगुळीत झालेल्या; ओल्या पायांनी त्यांवरून घसरायला होते. म्हातारी माणसे बरोबर असतील तर संडास आणि झोपायची खोली एकाच मजल्यावर आहेत याची खात्री आधी करावी. अनेक घरांत एसी नसतो. भिंती जाड असल्याने दिवसा हिरव्या लाकडी झडपा मिटून ठेवल्या तर खोली थंड राहते. या झडपांचा खालचा भाग बाहेरच्या बाजूला वेगळा उचलता येतो; तो उचलून अडकवला की ऊन आत न येता वारा येतो. दिवसभर खिडक्या सताड उघड्या ठेवणारे पाहुणे रात्री उकडते म्हणून तक्रार करतात.

विजेचे गणित समजून घ्यावे. इटलीत घरगुती जोडणी बहुधा 3 किलोवॉटची असते. पाणी तापवायचा बॉयलर (सुमारे 1200 वॉट) चालू असताना ओव्हन लावला आणि वर इस्त्री किंवा केस वाळवायचे यंत्र सुरू केले की मीटर उडतो. घरातल्या बोर्डावरची बटणे वर असूनही वीज नसेल, तर खटका तळमजल्यावरच्या किंवा गल्लीतल्या मीटरवर पडलेला असतो. आधी दोन जड उपकरणे बंद करावीत, मग टॉर्च घेऊन खाली जाऊन खटका उचलावा. मीटर कुठे आहे हे किल्ली घेतानाच पाहून ठेवावे. बॉयलरच्या 80 लिटरच्या टाकीत दोन माणसांच्या आंघोळी नीट होतात. तिसऱ्याला तास-दीड तास थांबावे लागते. व्होल्टेज भारतासारखेच, पण आपली जाड गोल पिन तिथे बसत नाही. दोन बारीक पिनांचा अडॅप्टर चालतो.

झोपेची मुळीच हमी नाही. चर्चच्या घंटा, बोगद्यातून बाहेर पडणारी गाडी, आणि अरुंद गल्लीत घुमणारे बोलणे हे सगळे थेट खोलीत येते. कानात घालायचे बोळे बरोबर ठेवावेत. त्याच कारणाने आपणही रात्री गल्लीत उभे राहून गप्पा मारू नयेत. भिंतीपलीकडे पहाटे उठणारे लोक राहतात.

खाण्याच्या वेळा पक्क्या आहेत. दुपारचे जेवण साधारण 12 ते अडीच, रात्रीचे सातनंतर. मधल्या वेळात स्वयंपाकघर बंद. तेव्हा फोकाच्या म्हणजे ऑलिव्ह तेलातला जाड भाजका पाव मिळतो, किंवा फारिनाता. बेसन, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ यांचे पातळ पीठ काही तास भिजवून, मोठ्या तांब्याच्या परातीत ओतून कडक भट्टीत भाजतात. शाकाहारी मराठी माणसाला इथे मिळणारा हा सर्वांत निर्धोक पदार्थ. पेस्तोत म्हणजे बेसिलच्या पानांच्या चटणीत चीज असते आणि ते बहुधा वासराच्या पोटातून काढलेल्या रेनेट या विरजणाने केलेले असते. कडक शाकाहारींनी हे लक्षात घ्यावे. भाजीच्या सॉसमध्येही अँचोव्ही हा मासा विरघळलेला असू शकतो. मोंतेरोस्सोची मिठात मुरवलेली अँचोव्ही प्रसिद्ध आहे, मासे खाणाऱ्यांनी ती चुकवू नये. बिलात माणशी जो ठरावीक आकार दिसतो तो बसण्याचा. ती फसवणूक नव्हे. नळाचे पाणी पिण्यासारखे असते.

समुद्रात उतरण्याआधी होड्या पाहाव्यात. मानारोलात धक्का उंच असल्याने होड्या क्रेनने वर घेतात. व्हेर्नात्सा आणि रियोमाज्जोरेत त्या गल्लीपर्यंत ओढून आणतात. सगळ्या होड्या वर घेतलेल्या दिसल्या की नैर्ऋत्येचा लिबेच्चो वारा येतो आहे असे समजावे. तो सुटला की धक्क्यावरूनही लाटा येतात. फोटोसाठी तिथे उभे राहू नये. प्रवासी बोटीही अशा दिवशी बंद असतात.

पावसाची भीती याहून मोठी, विशेषतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात. ओढ्यांवर छत टाकून वर रस्ते केले आहेत. 25 ऑक्टोबर 2011 रोजी काही तासांत अतोनात पाऊस पडला, डोंगराची माती खाली आली, भुयारी पात्रे तुंबली आणि पाणी व्हेर्नात्सा व मोंतेरोस्सोच्या मुख्य रस्त्यांतून वाहिले. व्हेर्नात्सात तळमजले चिखलाने भरून गेले. लिगुरियात पिवळा, नारिंगी आणि लाल असे इशारे देतात. नारिंगी किंवा लाल इशारा असेल त्या रात्री तळमजल्यावर झोपू नये, सामान काढायला खाली उतरू नये, वरच्या मजल्यावर थांबावे. मदतीचा क्रमांक 112.

अशा इशाऱ्यांच्या वेळी पायवाटाही बंद करतात. मोंतेरोस्सो ते व्हेर्नात्सा हा सुमारे साडेतीन किलोमीटरचा टप्पा चढउतारामुळे दोन तास घेतो आणि त्याला उद्यानाचे कार्ड लागते. चपला घालून गेल्यास दंड होतो. घट्ट पकड देणाऱ्या तळाचे, बंद बूट हवेत. रियोमाज्जोरे ते मानारोला ही समुद्राकाठची सोपी वाट 2012 मध्ये दरड कोसळल्याने बंद झाली आणि 2024 मध्ये पुन्हा उघडली. तिला वेळ ठरवून घेतलेले वेगळे तिकीट असते.

वाटेच्या दोन्ही बाजूंना दिसणारे बांध चुन्याशिवाय, नुसते दगडावर दगड बसवून रचलेले आहेत, कोकणातल्या गडग्यासारखे. फरक इतकाच की हे बांध कुंपण नसून उभ्या उताराची माती धरून ठेवतात. बोस्को, अल्बारोला आणि व्हेरमेंतिनो या द्राक्षांचे मळे त्यांच्यावर उभे आहेत, आणि द्राक्षे वाळवून केलेली शाक्केत्रा ही गोड वाइन त्यांचीच. शेती सुटली की बांध ढासळतात, पावसाचे पाणी मोकळे सुटते आणि दरड गावावर येते. म्हणून बांधावर चढणे, त्यावर बसणे किंवा मधूनच शॉर्टकट काढणे टाळावे. एक दगड निखळला की वरची सगळी रांग सैल होते आणि ती पुन्हा रचणारे हात गावात फार थोडे उरले आहेत.

घर भाड्याने घेताना जाहिरातीत त्या घराचा राष्ट्रीय ओळख-क्रमांक आहे ना ते पाहावे. 2025 पासून तो बंधनकारक आहे. पासपोर्टचा तपशील मालकाला पोलिसांकडे नोंदवावाच लागतो, तेव्हा मागितल्यावर द्यावा. राहण्याचा स्थानिक कर भाड्याखेरीज, माणशी आणि दर रात्रीला असतो, आणि तो बऱ्याचदा रोख मागतात. कचरा वेगवेगळा करून ठरलेल्या दिवशीच बाहेर ठेवायचा असतो. वाराचा तक्ता घरात लावलेला असतो.

मुक्कामाला मे महिना किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये फलाटावर उभे राहायलाही जागा नसते. नोव्हेंबर ते मार्च बरीच हॉटेले आणि दुकाने बंद असतात, बोटी जवळजवळ नसतात आणि दगडी घरांत ओल धरते. हिवाळ्यात जायचेच असेल तर घर गरम करण्याची सोय कशी आहे आणि तिचे पैसे भाड्यात धरले आहेत का, हे लेखी घ्यावे.