पार्श्वभूमी : इलेक्ट्रिक गाडीची खबर मोबाईलपर्यंत कोणत्या वाटेने येते

गाडीच्या ॲपवर बॅटरी ७२ टक्के दिसते तेव्हा तो आकडा गाडीने आपल्याला कळवलेला नसतो. तो तिने उत्पादकाच्या सर्व्हरला कळवलेला असतो आणि आपले ॲप त्या सर्व्हरला विचारत असते. अंधेरीतल्या ऑफिसात बसून ठाण्यात उभ्या गाडीचा एसी सुरू करायचा, तरी हुकूम आधी कंपनीकडे जातो आणि तिथून गाडीकडे. सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखा हा सर्व्हर आहे. निरोप घरचाच असला तरी त्याच्या हातूनच जातो. दूरनिगराणीचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी हा मधला टप्पा कोणाच्या ताब्यात राहिला त्याचा इतिहास आहे. आपल्याकडे तो इतका बंदिस्त कसा झाला हे समजून घ्यायचे तर गाडीतल्या सिमविषयीच्या २०१८ मधल्या एका निर्णयाकडे पाहावे लागते. त्या निर्णयाची चर्चा गाडीवाल्यांमध्ये जवळपास झालीच नाही.

गाडीच्या आतले जाळे त्याहून पुष्कळ जुने आहे. वेगवेगळ्या यंत्रणांनी एकाच वायरजोडीवर बोलावे ही ‘कॅन’ पद्धत १९८६ मध्ये मांडली गेली आणि १९९१ च्या सुमारास एका आलिशान जर्मन गाडीतून रस्त्यावर आली. स्टिअरिंगखालचे ओबीडी सॉकेट, म्हणजे तपासणीचे यंत्र जोडायची जागा, अमेरिकेत १९९६ पासून सक्तीचे झाले, तेही धुराची तपासणी सोपी व्हावी म्हणून. ज्या गाडीला धूरच नाही तिला त्या नियमाने सॉकेट ठेवायचे बंधन नव्हते. तरीही बहुतेक कंपन्यांनी ते ठेवले, काहींनी काढून टाकले. त्याच १९९६ मध्ये अमेरिकेत महागड्या गाड्यांना मोबाईल नेटवर्कवरून आपत्कालीन मदत देणारी सेवा सुरू झाली. ती ॲनालॉग जाळ्यावर उभी होती. फेब्रुवारी २००८ मध्ये ते जाळे बंद करायला परवानगी मिळाली आणि धडधाकट चालणाऱ्या कितीतरी गाड्या त्या सेवेपुरत्या मुक्या झाल्या. गाडी पंधरा वर्षे टिकते, नेटवर्क तेवढे टिकेलच असे नाही, हा पेच तेव्हाच दिसला होता. कुणी फारसा मनावर घेतला नाही.

इलेक्ट्रिक गाडीच्या बाबतीत या कथेचा एक महत्त्वाचा तुकडा बंगळुरूचा आहे, हे सहसा सांगितले जात नाही. २००१ मध्ये बाजारात आलेली ‘रेवा’ आठवत असेल. मुंबईच्या रस्त्यांवरही ती अधूनमधून दिसायची. तिच्या कर्त्यांनी २००९ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात नवी गाडी मांडली आणि तिच्यासोबत ‘रिव्हाइव्ह’ नावाची सोय. चार्ज संपला, तर फोन किंवा एसएमएस करायचा. पलीकडून कंपनी गाडीतला राखीव साठा दुरूनच मोकळा करणार. २०१३ च्या मार्चमध्ये आलेल्या रेवाच्याच पुढच्या गाडीत, ‘ई-टू-ओ’मध्ये, ही कल्पना ॲपसह उतरली. चार्ज किती, दरवाजे लावले का, एसी आधीच सुरू करायचा का, हे सगळे मोबाईलवर. त्या वेळी भारतातल्या सर्वसाधारण पेट्रोल गाड्यांना असले काही सहसा नसायचे.

राखीव साठ्याची कल्पना चालकाच्या सोयीची होती यात शंका नाही. पेट्रोल गाडीलाही ‘रिझर्व्ह’ असतोच. पण पेट्रोलचा रिझर्व्ह आपल्या टाकीत आपल्या हाताशी असतो, इथे त्याची चावी कंपनीकडे होती. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये फ्लोरिडात चक्रीवादळ येत असताना एका अमेरिकी कंपनीने काही गाड्यांची सॉफ्टवेअरने आवळून ठेवलेली बॅटरी काही दिवसांपुरती दुरूनच मोकळी केली. लोकांना शहर सोडून जाता यावे म्हणून. कौतुक झाले, आणि लगोलग प्रश्नही आला : विकत घेतलेल्या बॅटरीचा काही भाग कुलूपबंद होता, हे किती जणांना ठाऊक होते? ‘निगराणी’ हा सौम्य शब्द आपण वापरतो खरा, पण ही यंत्रणा पहिल्यापासून बघण्याबरोबर हात घालण्याचीही होती.

डिसेंबर २०१० मध्ये आलेल्या जपानी ‘लीफ’ या इलेक्ट्रिक गाडीने ॲप जगभर नेले. तिच्या गोष्टीतले दोन प्रसंग पुरेसे आहेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरक्षा अभ्यासकांनी दाखवले की तिचा सर्व्हर ओळखपाळख न विचारताच उत्तर देतो. फक्त चॅसी नंबर हवा, आणि तो तर काचेतून बाहेरूनही वाचता येतो. तेवढ्यावर कुणीही दुसऱ्या देशातल्या गाडीचा एसी चालू करू शकत होता, तिच्या प्रवासाच्या नोंदी पाहू शकत होता. ॲप तात्पुरते बंद करावे लागले. दुसरा प्रसंग १ एप्रिल २०२४ चा. टूजी जाळी बंद होत चालल्याचे कारण देऊन २०१६ पूर्वीच्या गाड्यांचे ॲप ब्रिटन-युरोपात थांबवले गेले. जुना पेच, नवी तारीख.

आता भारत. २०१९ च्या मे-जूनमध्ये ‘इंटरनेट असलेली गाडी’ हा जाहिरातीचा मुद्दा झाला. त्याच जुलैत आयात केलेल्या सुट्या भागांतून जोडलेली एक इलेक्ट्रिक एसयूव्ही आली, आणि जानेवारी २०२० मध्ये मुंबईतच सादर झालेल्या देशी गाडीने ॲपला मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणले. पण या गाड्यांतल्या सिमचे नियम त्याआधीच ठरून गेले होते.

मे २०१८ मध्ये दूरसंचार खात्याने यंत्रांना लागणाऱ्या सिमविषयी सूचना काढल्या. वीजमीटर, कार्ड स्वाइप करायची यंत्रे, ट्रॅकर आणि गाड्या, सगळे एकाच चौकटीत. अशा सिमला फोन आणि एसएमएस फक्त आधी ठरवून दिलेल्या क्रमांकांशी करता येतील. इंटरनेटही फक्त ठरवून दिलेल्या पत्त्यांपुरते. सिम कोणत्या यंत्रात बसले आहे आणि ते यंत्र कोणाकडे आहे, याची नोंद सेवा देणाऱ्याने ठेवायची. त्याच वर्षी जुलैपासून या सिमना तेरा आकडी क्रमांक आले.

कागदावर हे रास्त आहे. मीटरमधले सिम काढून कुणी फोनला वापरू नये, गुन्ह्यात वापरले तर माग लागावा, एवढाच हेतू. परिणाम मात्र गाडीवाल्यासाठी दूरगामी झाला. गाडीतले सिम कंपनीने ठरवून दिलेल्या यादीबाहेर कोणाशी बोलूच शकत नाही. म्हणजे मालकाने ठरवले, की माझ्या गाडीची माहिती माझ्या घरच्या संगणकावर यावी, तर गाडीतल्या सिमवरून ते शक्य नाही. कंपनीने मनात आणले तरी तो पत्ता आधी यादीत घालावा लागेल. परदेशातल्या हौशी मंडळींनी २०११ च्या सुमारास एका विजेच्या स्पोर्ट्स गाडीसाठी स्वतःचे खुले निगराणी यंत्र बनवले होते. स्वतःचे सिम, स्वतःचा सर्व्हर, आणि पुढच्या आवृत्तीत मधे एमक्यूटीटी नावाची हलकीफुलकी निरोपपद्धत, जी १९९९ मध्ये उपग्रहावरून तेलवाहिन्यांवर लक्ष ठेवण्यासाठी घडवली गेली होती. कंपनीने गाडीत बसवून दिलेल्या सिमपुरता तो मार्ग आपल्याकडे मुळातच खुंटला.

दुसरी बाजू दुबळी नाही. २०१५ मध्ये दोन अभ्यासकांनी अमेरिकेत धावती एसयूव्ही इंटरनेटवरून ताब्यात घेऊन दाखवली आणि सुमारे १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्या गाडीपर्यंत त्याच मोबाईल जाळ्यावरून कुणालाही बाहेरून पोचता येत होते. ठरलेल्या पत्त्यापलीकडे न बोलणारे सिम असते, तर ते इतके सोपे गेले नसते. तरीही माझे मत असे, की बंदोबस्त सिमचा करायचा होता आणि त्यात माहितीही बंद झाली. बाहेरच्याला रोखणे आणि मालकाला न देणे यांत फरक आहे. तो फरक करण्याची संधी तेव्हा हुकली.

याच काळात भाड्याच्या गाड्यांसाठी दुसरा रस्ता तयार होत होता. नोव्हेंबर २०१६ ची अधिसूचना, पुढे ढकललेल्या मुदती, आणि अखेर जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक वाहनांना स्थान सांगणारे यंत्र व आपत्कालीन बटण. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्या शेजारी उभ्या असल्या, तरी हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे असलेली खासगी गाडी एकाच ठिकाणी खबर देते आणि पिवळी अक्षरे असलेली भाड्याची गाडी दोन ठिकाणी : कंपनीला बॅटरीची, सरकारी यंत्रणेला जागेची. ही दोन यंत्रे एकमेकांशी बोलत नाहीत.

मुंबईत ॲपची खरी परीक्षा बेसमेंटमध्ये होते. उभी गाडी झोपलेली असते. सर्व्हर तिला बहुधा एसएमएससारख्या छोट्या निरोपाने उठवतो, मग ती आकडे पाठवते. लोअर परळच्या टॉवरमध्ये दुसऱ्या तळघरात तो निरोप पोचतच नाही. ॲप मग शेवटचा ठाऊक असलेला आकडा दाखवत राहते आणि तो कधीचा आहे हे कोपऱ्यात बारीक अक्षरांत. पोडियमवर, म्हणजे जमिनीच्या वरच्या पार्किंग मजल्यावर, गाडी लावणाऱ्याला हा अनुभव येत नाही, त्यामुळे एकाच सोसायटीत ‘ॲप झकास आहे’ आणि ‘ॲप भंगार आहे’ ही दोन्ही मते प्रामाणिक असतात.

त्यात चार्जरच्या ॲपची भर. साध्या एसी चार्जरला गाडीत किती टक्के आहेत ते कळत नाही. तो १ किलोहर्ट्झच्या संकेताने गाडीला फक्त सांगतो की इतके अँपिअर घे. गाडी त्या मर्यादेत घेते. म्हणून भिंतीवरच्या चार्जरचे ॲप युनिट मोजते आणि गाडीचे ॲप टक्के. भिंतीतून गेलेले युनिट आणि बॅटरीत उतरलेले युनिट यांत चार्ज करतानाची घट असते, आणि सोसायटीच्या बिलावरून होणारे वाद बऱ्याचदा तिथेच जन्मतात. हायवेवरच्या डीसी चार्जरला मात्र टक्के कळतात, कारण तिथे गाडी आणि चार्जर केबलमधूनच सविस्तर बोलतात. चार्जर आणि त्याचा सर्व्हर यांच्यातली खुली भाषा नेदरलँड्समध्ये २००९ पासून आकाराला आली. गाडी आणि ॲप यांच्यात तशी सर्वमान्य खुली भाषा आजवर झालेली नाही.

ती नसल्यामुळेच चोरवाटा निघाल्या. ॲप सर्व्हरशी काय बोलते ते ऐकून हौशी लोकांनी स्वतःचे प्रोग्रॅम लिहिले. एका अमेरिकी कंपनीच्या गाड्यांभोवती तर यावर अख्खी दुनिया उभी राहिली. कंपनीने बरीच वर्षे काणाडोळा केला, २०२३ मध्ये अधिकृत दार उघडले आणि नंतर त्याला दर लावला. कंपन्यांची तक्रार निव्वळ पैशांची नव्हती, हेही नोंदवायला हवे. दर पाच मिनिटांनी विचारणा झाली तर गाडी झोपत नाही आणि तिची छोटी १२ व्होल्टची बॅटरी उतरते. मग मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असतानाही गाडी सुरू होत नाही आणि गॅरेजवाल्याला बोलवावे लागते.

जून २०२२ मध्ये वसई पश्चिमेला एका इलेक्ट्रिक गाडीला आग लागली. व्हिडिओ पसरला, केंद्राने स्वतंत्र चौकशी सांगितली. एरवी एसीपुरते वापरले जाणारे ॲप लोक त्यानंतर निराळ्या नजरेने बघू लागले : बॅटरीतल्या सेलचे तापमान यात का दिसत नाही? गाडीला ते ठाऊक असते, तिच्यातली बॅटरीची यंत्रणा सतत मोजते. ॲपमध्ये काय दाखवायचे हे ठरवणारा मालक नसतो, एवढेच. बॅटरी सुरक्षेचे सुधारित नियम त्याच डिसेंबरपासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. चालकाला गाडीतच इशारा मिळावा याकडे त्यांचा रोख होता.

युरोपात १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेला डेटा कायदा सांगतो की जोडलेल्या वस्तूतून निघणारी माहिती वापरणाऱ्याला मिळाली पाहिजे, आणि त्याने सांगितल्यास तिसऱ्यालाही. आपला २०२३ चा कायदा वैयक्तिक माहितीचा आहे. गाडी कुठे फिरली हे त्यात बसवता येईल. सेल क्रमांक चाळीसचा व्होल्टेज वैयक्तिक आहे का, यावर वाद घालायला वकिलांना जागा आहे.

तोवर सर्वसामान्य मालकाच्या हातात ब्लूटूथ डोंगल उरतो. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये लावला की मोबाईलवर सेलचे आकडे दिसतात, पण गाडीत किंवा तिच्या जवळ असताना. काही जण गाडीत जुना मोबाईल ठेवून तीच माहिती घरी पाठवतात. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तो मोबाईल किती टिकतो, हा निराळा विषय. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने मात्र व्यवहाराच्या दिवशीच आधीच्या मालकाचे खाते काढून घ्यावे. आरसी बदलली तरी सर्व्हरवरचे नाव आपोआप बदलत नाही, आणि मोफत सेवेची मुदत बहुतेक वेळा पहिल्या विक्रीच्या तारखेपासून मोजली जाते.