परराज्यातलं बिल आणि जीएसटी

‘पुण्यातून बेंगळुरूच्या कंपनीला बिल लावलं की जीएसटी नोंदणी सक्तीची,’ असं फ्रीलान्स प्रोग्रॅमरना अजूनही ऐकवलं जातं. जुलै 2017 मध्ये ते खरं होतं. 13 ऑक्टोबर 2017 च्या अधिसूचनेने सेवांपुरती ही सक्ती काढली. महाराष्ट्रात आता मर्यादा वार्षिक 20 लाखांची, ग्राहक परराज्यातला असो वा परदेशातला. मात्र मोजायची ती एका पॅनवरची सगळी उलाढाल, नफा नव्हे. त्यात निर्यात येते, आणि (हे हमखास विसरतात) करमाफ घरभाडंही.

खरी फसगत वस्तूंमध्ये होते. राउटर, कॅमेरे स्वतंत्र बिलाने परराज्यात विकले, तर पहिल्याच विक्रीला नोंदणी हवी. सेवांची 20 लाखांची मर्यादा ओलांडल्यावर 30 दिवसांत नोंदणीचा अर्ज करायचा. नोंदणी नसताना ग्राहकाकडून जीएसटी घेणं मात्र बेकायदाच.