न्गूगींना तुरुंग घडला तो कादंबरीमुळे नव्हे

केनियाचे लेखक न्गूगी वा थिओंगो 'पेटल्स ऑफ ब्लड' या कादंबरीपायी तुरुंगात गेले, असं सर्रास सांगितलं जातं. तसं नाही. ही इंग्रजी कादंबरी १९७७ साली प्रकाशित झाली, तीही अर्थमंत्री म्वाई किबाकी यांच्या हस्ते! सरकारला झोंबलं ते लिमुरूजवळच्या कामिरिथू गावातलं न्गूगींचं गिकुयू या स्थानिक भाषेतलं नाटक. शेतमजूर आणि कारखान्यातले (हो, बाटाच्याच) कामगार स्वतः बांधलेल्या उघड्या रंगमंचावर जमिनी गिळणाऱ्या नवश्रीमंतांचं पितळ उघडं पाडत होते. इंग्रजी वाचणारे मूठभर. हे मात्र अख्ख्या गावाला कळत होतं. नोव्हेंबरात नाटकाचा परवाना रद्द, डिसेंबर सरता सरता न्गूगींना अटक. खटला नाही, आरोपपत्रही नाही. कामिटी तुरुंगात त्यांनी पुढची कादंबरी टॉयलेट पेपरवर लिहिली, गिकुयूतच. १९८२ मध्ये तो रंगमंचही पोलिसांनी जमीनदोस्त केला.