प्रार्थनेत मन लागत नाही, ही तक्रार किती जुनी आहे

प्रार्थनेला बसलं की पाच मिनिटांत मन भलतीकडेच जातं, सकाळचा क्वाएट टाइम (एकट्याने बायबल वाचून प्रार्थना करायची वेळ) दोन दिवस होतो आणि तिसऱ्या दिवशी बुडतो, मग चौथ्या दिवशी देवासमोर बसायचीच लाज वाटते. हे ज्यांचं होतं (माझंही होतं) ते बहुतेक वेळा मोबाईलला दोष देतात. मोबाईलचा दोष आहेच, पण तक्रार फार जुनी आहे. गेथशेमाने बागेत प्रभू येशूने पेत्र, याकोब आणि योहान या शिष्यांना फक्त जागं राहायला सांगितलं होतं, तो तीनदा परत आला आणि तिन्ही वेळा ते झोपलेले. तेव्हाच तो म्हणाला की आत्मा उत्सुक आहे पण देह अशक्त आहे.

पुढे प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिलं, निरंतर प्रार्थना करा. एवढंसं वाक्य, पण त्याचं करायचं काय यावर मंडळी कितीतरी शतकं झगडली. चौथ्या शतकात मेस्सालियन नावाचा एक गट होता, नावाचा अर्थच मुळी प्रार्थना करणारे, त्यांनी हे शब्दशः घेतलं आणि कामधंदा सोडला. ४३१ मध्ये इफिसला भरलेल्या चर्चच्या परिषदेने त्यांची शिकवण चुकीची ठरवली.

मला स्वतःला सगळ्यात जवळचा वाटतो तो इजिप्तच्या वाळवंटातला काळ. तिथे लोक सगळं सोडून फक्त प्रार्थनेसाठी गेले होते, ना संसार ना बाजार, म्हणजे आता तरी मन लागायला हवं ना? तर तिथलाच इव्हाग्रियस नावाचा संन्यासी (मृत्यू ३९९) लिहून ठेवतो की सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत एक विचित्र मरगळ येते, सूर्य जागचा हलतच नाही असं वाटतं, दिवस पन्नास तासांचा होतो, माणूस सारखा खिडकीबाहेर बघतो, जेवायला किती वेळ आहे ते सूर्यावरून मोजतो, कोणी भेटायला येतंय का बघतो, आणि ही खोली, हे काम, हे जगणंच नकोसं होतं. या अवस्थेला ते अकेडिया म्हणायचे, आणि बायबलच्या स्तोत्र ९१ मधल्या भर दुपारच्या नाशावरून तिला दुपारचं भूत असंही नाव पडलं. पुढच्या काळात तिची गणती नुसत्या आळसात झाली, पण मला ते पटत नाही, आळशी माणूस खिडकीशी इतका तळमळत नाही. त्याच वाळवंटातल्या आगाथोन नावाच्या वडीलधाऱ्याला विचारलं, सगळ्यात कष्टाचं काम कोणतं, तर तो म्हणाला प्रार्थना, कारण बाकी कामांत कधीतरी विसावा मिळतो, पण हिच्यात शेवटच्या श्वासापर्यंत झुंज आहे.

यावर त्यांनी जे उपाय काढले ते दुबळ्या माणसाला झेपतील असेच आहेत. त्या वाळवंटात राहून आलेल्या कासियान नावाच्या संन्याशाने हे सगळं पश्चिमेकडे, युरोपात नेलं, त्यात एकच ओळ दिवसभर धरून ठेवायची पद्धत होती, देवा माझ्या साहाय्याला ये, स्तोत्र ७० मधली. मग सहाव्या शतकात इटलीतल्या बेनेडिक्ट नावाच्या मठाधिपतीने मठांसाठी दिवसा सात वेळा आणि रात्री एकदा अशा वेळा बांधून दिल्या, १५० स्तोत्रं आठवड्यात पूर्ण व्हायची, पण त्याच नियमात त्याने हेही घातलं की प्रार्थना छोटी आणि शुद्ध असावी. मूड आला तर प्रार्थना, हा प्रकार तिथे नव्हताच, घंटा झाली की उठायचं.

अर्थात वेळा बांधल्या की तोंड म्हणतं आणि मन बाहेर फिरतं, हा दुसरा त्रास सुरू होतो, आणि जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर त्यावर फार बोलला आहे. १५३५ मध्ये त्याच्या न्हाव्याने, पेत्रने, प्रार्थना कशी करायची ते विचारलं म्हणून त्याने त्याला एक छोटी पुस्तिकाच लिहून दिली. त्यात तो आधी स्वतःचं सांगतो, की कामांमुळे आणि विचारांमुळे मन थंड पडलं की मी स्तोत्रसंहिता उचलतो, खोलीत नाहीतर चर्चमध्ये जातो आणि दहा आज्ञा, विश्वासांगिकार (ख्रिस्ती श्रद्धेचा ठरलेला कबुलीपाठ) वगैरे लहान मुलांसारखं पुटपुटत म्हणतो. आणि तासाभराने करू, आधी हे काम उरकतो, या विचारापासून सांभाळ म्हणतो. न्हाव्यालाच उदाहरणही न्हाव्याचं, वस्तऱ्यावर लक्ष नसेल तर समोरच्याचं नाक कापलं जाईल.

त्याच शतकात स्पेनमध्ये आविलाची तेरेसा नावाची जोगीण (नन) होती. आपण प्रार्थनेच्या लायक नाही असं वाटून तिने वर्षाहून जास्त काळ एकांतातली प्रार्थना सोडून दिली होती, हे सोडणंच तिला पुढे आपली सगळ्यात मोठी चूक वाटली. एका धर्मगुरूच्या सांगण्यावरून ती परत बसायला लागली, पण बसली म्हणून गोडी आली असं झालं नाही. ती स्वतःच लिहिते की कित्येक वर्षं ठरवलेला तास कधी संपतो याकडेच माझं चित्त असायचं, घड्याळाचे टोले कधी पडतात ते ऐकत बसायचे. १९७० मध्ये कॅथलिक चर्चने पहिल्यांदा एका स्त्रीला धर्माचार्य (डॉक्टर ऑफ द चर्च) ही पदवी दिली, ती हिलाच, प्रार्थनेबद्दल शिकवणारी म्हणून. टोल्यांकडे कान लावूनच का होईना, पण ती तास संपेपर्यंत बसायची, आणि त्यानंतर तिने प्रार्थना पुन्हा सोडली नाही.